जोगटेकडीचा आकडा

जोगटेकडीत कान बसवले त्या दिवशी धामणगिरी शहरात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ते कान कशासाठी आहेत याचा पत्ता नव्हता, पण महापालिकेला पैसे मिळणार एवढं मात्र सगळ्यांना नीट समजलं होतं.

कान म्हणजे हातभर लांबीच्या पोलादी कांड्या. त्यांचं नाव भूकर्ण. त्या मातीत रोवायच्या आणि विसरून जायचं. निरोगी माती कधी गप्प नसते, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. गांडुळं सरकतात, वाळवी कुरतडते, मुंग्या बोगदे काढतात, मुळं वाढताना मातीचे कण बाजूला सारतात, आणि या सगळ्याची बारीक चरचर होते. मेलेली माती मुकी असते. भूकर्ण ती चरचर ऐकायचा, माणसांची पावलं आणि गाड्यांची घरघर त्यातून गाळून टाकायचा आणि उरलेल्या आवाजावरून शंभरपैकी एक आकडा काढायचा. ज्या मातीत जीव जास्त तिच्यात भोकं जास्त, भोकं जास्त म्हणजे पाणी जास्त मुरणार, आणि मुरलेलं पाणी एकदम खालच्या वस्तीवर धावून येणार नाही. टेकडीचा आकडा हाच पायथ्याच्या तळवाडीच्या सुरक्षिततेचा आकडा, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

पैसा धरित्री निधीचा होता. शहरातल्या उघड्याबोडक्या किंवा परदेशी झाडांनी व्यापलेल्या टेकड्या मूळच्या गवताझाडांनी पुन्हा झाकायच्या, आकडा वाढेल तसतसा महापालिकेला हप्ता द्यायचा, आणि पूर कमी झाल्यामुळे विमा कंपन्यांचे जे वाचतील त्यातून आपला परतावा घ्यायचा, अशी त्या निधीची रीत. आकडा सत्तरीपार गेला की टेकडी ‘जिवंत’ म्हणून जाहीर होणार होती. तसं झालं की तळवाडीवरची पूररेषा पुसली जाणार आणि माती अडवायला टेकडीच्या पायथ्याशी बांधायची धारक भिंतही रद्द होणार. भिंत म्हणजे सिमेंट, आणि सिमेंट आता जुनाट लोकांचं काम मानलं जात होतं.

आकड्यावर सही करायची ती हर्षदा मगदूमनं. मातीवर डॉक्टरेट केलेली ही चाळिशीची बाई महापालिकेच्या हरित विभागात होती आणि आपल्या कामावर तिचं मनापासून प्रेम होतं. जोगटेकडीवरची परदेशी गिरिपुष्पाची झाडं तिच्याच देखरेखीखाली काढली गेली. त्या जागी पवन्या आणि मारवेल गवत आलं, धावडा, पळस, करवंद लागलं. रोपवाटिकेतल्या बायकांबरोबर ती स्वतः गुडघे टेकून बी टोकायची. पहिली दोन वर्षं आकडा रांगत वर चढला आणि मग पन्नाशीच्या आसपास अडून बसला. माती काही सरकारी मुदत बघून जिवंत होत नाही, असं ती बैठकीत म्हणायची. मग सगळे तिच्याकडे असे बघायचे, की जणू तीच मातीला अडवून बसली आहे.

तिचा धाकटा भाऊ सन्मती याच काळात तळवाडीत घर घ्यायला निघाला. पूररेषेतली जागा म्हणून घर स्वस्त होतं.

“अक्का, तू एवढं सांग, टेकडी धरेल न्हवं पाणी?” त्यानं विचारलं होतं.

“धरेल. वेळ लागेल, पण धरेल,” हर्षदा म्हणाली होती, आणि तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं. त्या शब्दावर सन्मतीनं आयुष्यभराची पुंजी ओतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आकडा अचानक धावायला लागला. पंचावन्न, साठ, चौसष्ट. हरित विभागाचे प्रमुख देशिंगे यांनी तिच्या टेबलावर स्वतः येऊन बर्फी ठेवली. हर्षदाला मात्र ती बर्फी गोड लागेना. उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात, मुळं थांबतात, माती उलट शांत व्हायला हवी. एका सकाळी ती पहार घेऊन एकटीच टेकडीवर गेली.

पहिल्या कांडीपाशी तिनं पहार मारली. वरची वीतभर माती रव्यासारखी भुसभुशीत होती, आणि त्याखाली पहार खणकन वाजली. मुरूम होता तसाच, घट्ट आणि कोरडा. तिनं दुसरीकडे मारली, तिसरीकडे मारली, सगळीकडे तेच. वरच्या थरात मात्र मुंग्यांचा नुसता बुजबुजाट होता. एवढ्या मुंग्या इथं जगतात तरी कशावर, असं म्हणत ती उठली, तर समोरून तिचे वडील येताना दिसले.

भूपाल मगदूम साखर कारखान्यात काट्यावरचे कारकून होते. निवृत्त झाले आणि पाठोपाठ बायको गेली, तेव्हापासून ते रोज सकाळी जैन बस्तीत दर्शन घेऊन टेकडी चढायचे. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि मागं बस्तीतली आणखी तीन-चार म्हातारी माणसं होती. आण्णांनी पिशवीत हात घातला आणि कांडीभोवती पीठसाखरेची चिमूट सोडली.

“आण्णा, हे काय?”

“किडामुंगीला पीठ. तुझी आई घालायची की दारात. आता दारात फरशी झाली, मुंग्या कुठल्या येणार? म्हणून इथं.”

“पण इथं, कांडीपाशीच का?”

आण्णा लाजल्यासारखे हसले. “मुद्दामच. तुझ्या कामाला बरकत यावी म्हणून. तू एवढा आटापिटा करतीस, मला दुसरं काय येतं? मुक्या जीवाचा आशीर्वाद फुकट जात नाही, हर्षा. या सगळ्यांनाही मीच लावलंय. एकेक नळी एकेकानं वाटून घेतली आहे.”

हर्षदानं पहार खाली ठेवली. ती तिथंच मातीत बसली.

विज्ञान इथं सोपं होतं आणि म्हणूनच भयंकर होतं. आयतं खाणाऱ्या मुंगीला लांब जायची, खोल खणायची गरज उरत नाही. ती कांडीभोवतीच वसाहती वाढवते. अशा माजलेल्या वसाहतींनी वाळवी खाऊन संपवली होती, गांडुळं हुसकली होती, म्हणजे खोलवर भोकं पाडणारे खरे कामकरी त्यांनी पळवून लावले होते. भूकर्णाला चरचर ऐकू यायची, पण ती किती खोलवरून येते हे त्याला कळत नव्हतं. टेकडीवर आता भुसभुशीत मातीचा एक थर होता, त्याखाली घट्ट मुरूम, आणि दोघांना सांधणारी मुळं अजून पोरवयात. गिरिपुष्पाची जुनी मुळं तर तिनंच काढून टाकली होती. मोठा पाऊस आला की वरचा थर पाणी पिऊन जड होणार आणि ओल्या ताटावरून भात घसरावा तसा सगळाच्या सगळा खाली येणार. टेकडीवर पूर्वी नुसतं गिरिपुष्प होतं तेव्हा निदान एवढं वाईट नव्हतं.

ती देशिंगेंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. देशिंगे शांतपणे ऐकत राहिले.

“मॅडम, मुंगी देशी आहे का परदेशी?”

“देशी आहे सर, पण...”

“मग झालं तर. आपला प्रकल्प देशी परिसंस्थेचा. देशी मुंगी वाढली. यात वावगं काय?”

“सर, पाणी खाली मुरत नाही. थर सुटेल. तळवाडी गाडली जाईल.”

“करारात पाणी लिहिलंय का आकडा?”

“आकडा,” ती म्हणाली.

“बसा जरा,” देशिंगेंचा आवाज मऊ झाला. “आकडा खोटा निघाला तर सगळे हप्ते परत द्यावे लागतील. रोपवाटिकेतल्या बायका उद्यापासून घरी. या शहरात पुन्हा कुणी एक झाड लावायला पैसा देणार नाही. आणि पहिलं नाव कुणाचं येईल? तुमच्या वडिलांचं. लोक म्हणतील, पोरीनंच बापाला पीठ घेऊन बसवलं. तुम्ही नाही म्हणाल, पण ऐकणार कोण?”

घरी येऊन तिनं आण्णांना पीठ घालू नका म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. आण्णांनी ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ हातातल्या पिशवीची घडी घालत राहिले.

“मुंगीला खाऊ घालणं पाप कधीपासून झालं गं?” त्यांनी विचारलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. पण मुलगी म्हणते म्हणून त्यांनी घालणं थांबवलं, आणि टेकडीवर जाणंही थांबवलं. दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. जेवण कमी झालं.

पंधरवड्यात आकडा घसरला. मग देशिंगे एका रविवारी मोठा हार घेऊन मगदूमांच्या दारात उभे राहिले. आण्णांच्या पाया पडले. म्हणाले, काका, तुम्ही जे एकट्यानं केलं ते आता शहर करणार.

आणि शहरानं ते केलं. ‘मुंगी अन्नछत्र योजना’ जाहीर झाली. कारखान्याची साखर आणि गिरणीतली कणी पोत्यांनी टेकडीवर जाऊ लागली, तिचा ठेका एका नगरसेवकाच्या भाच्याला मिळाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं पीठ खाणाऱ्यांत मुंग्याच काय त्या प्रामाणिक होत्या. नगरभवनात आण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बायको गेल्यापासून आण्णा पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले, आणि समोरच्या रांगेत बसून हर्षदानं टाळ्या वाजवल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आकडा सत्तरीपार गेला. पूररेषा पुसली गेली, भिंत रद्द झाली, आणि तळवाडीतल्या घरांचे भाव चढले. सही हर्षदाची होती.

सही केली त्याच संध्याकाळी ती सन्मतीकडे गेली. त्याची बायको पूर्वा स्वयंपाकघरात होती, आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. हर्षदानं हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं, पहार, मुरूम, देशिंगे, सगळं.

सन्मती भिंतीकडे बघत राहिला. नवा रंग लावून महिनाही झाला नव्हता.

“अक्का, आणि कुणाला बोललीस?”

“देशिंग्यांना फक्त.”

“मग आता बोलू नको. मी घर विकायला काढतो. भाव आलाय तोवर. तू आता तोंड उघडलंस तर हे घर कुत्रंसुद्धा घेणार नाही, आणि मी रस्त्यावर येईन. तुझ्याच शब्दावर घेतलंय हे, अक्का.”

“आणि जो घेईल तो?”

सन्मती ताटं मांडायला उठला. आतून पूर्वानं हाक मारली, जेवूनच जा म्हणून. हर्षदा जेवली. घर विकलं गेलं की लगेच निधीला सगळं लिहून कळवायचं, असं तिनं जेवता जेवता मनाशी ठरवलं. ते ठरवल्यावर घासही जरा बरा उतरला.

गिऱ्हाईक लवकरच मिळालं. सूरज लोहार, खिडक्या-दरवाजांच्या फॅब्रिकेशनचं छोटं दुकान असलेला तरणा माणूस, आणि त्याची बायको रेश्मा. त्यांना एक लहान मुलगी होती. रेश्मा हुशार बाई, नुसत्या कागदांवर विसंबणारी नव्हती. मशीनवाल्या मॅडम या घरमालकाच्या बहीण आहेत असं कळल्यावर तिनं हट्ट धरला, की मला त्यांना एकदा भेटायचंय. सन्मती दोघांना घेऊन हर्षदाच्या घरी आला.

रेश्मानं आल्या आल्या हर्षदाला वाकून नमस्कार केला. “ताई, आम्ही अडाणी न्हाई, पण ते आकडे काय आम्हाला कळत न्हाईत. सासरची जमीन विकून आलोय. तुम्ही एका वाक्यात सांगा. घ्यावं का घर?”

सूरज संकोचून हसला. सन्मती खिडकीपाशी उभा होता. त्यानं बहिणीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात लहानपणापासूनचा सगळा भाऊ होता. शाळेत तिचं बोट धरून जाणारा, आईच्या वेळी दवाखान्यात रात्री बसून काढणारा.

“आकडा चांगला आहे,” हर्षदा म्हणाली.

वाक्य खोटं नव्हतं. रेश्माचा चेहरा फुलला. तिनं पुन्हा नमस्कार केला.

खरेदीखत झालं. सन्मती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. हर्षदा निधीला पत्र लिहायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं, की आता पहिला प्रश्न हाच येईल: तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? भावाचं घर विकण्याआधी की नंतर? ती उठली. उद्या लिहू म्हणाली. उद्याचं परवा झालं. मग तिनं स्वतःला समजावलं, की पाऊस यंदा बेताचा आहे, तोवर मुळं धरतील. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

पाऊस बेताचाच होता, परतीचा पाऊस मात्र बेताचा नव्हता. ऑक्टोबरात तीन दिवस आभाळ फाटलं. चौथ्या दिवशी सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर, जोगटेकडीचा उतरता भाग गवतासकट, रोपांसकट, साखरेच्या पोत्यांसकट सुटला आणि तळवाडीच्या वरच्या दोन गल्ल्यांवर येऊन बसला. दरड कोसळल्याचा मोठा आवाज झालाच नाही, असं नंतर लोक म्हणाले. ओली गादी जमिनीवर टाकावी तसा एक दबका आवाज झाला.

हर्षदा कार्यालयात होती. फोन वाजायच्या आधी तिला पडद्यावरचा आकडा दिसला. त्र्याण्णव. एवढा आकडा जगातल्या कुठल्याच टेकडीनं कधी दिला नव्हता. कांड्या मातीबरोबर वाहत खाली गेल्या होत्या आणि ढिगाऱ्यात गाडल्या गेल्या होत्या, तरी त्या चालू होत्या. ऐकायचं काम करत होत्या. पावलं आणि गाड्या गाळायला भूकर्णाला शिकवलं होतं. मातीखालून माती खरवडणारी नखं गाळायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या लेखी तो मातीतला जीव होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी उमटली, की पुढचा हप्ता मंजूर झाला आहे.

ती धावत सुटली. ढिगाऱ्यावर पोचून तिनं कानाला यंत्र लावलं आणि कांड्यांचा न गाळलेला आवाज उघडला. सगळं आयुष्य ती मातीचा आवाज ऐकत आली होती. त्यातून माणूस वेगळा काढायला तिला जमत होतं. “इथं खणा,” ती ओरडायची, आणि अग्निशमन दलाची माणसं तिथं धावायची. लोक म्हणायला लागले, बाईंना दिसतंय जणू. दुपारपर्यंत तिच्या सांगण्यावरून सात जण जिवंत निघाले.

सन्मतीनं विकलेल्या घराच्या जागी दोन आवाज होते. एक खरवडण्याचा, अलीकडे. दुसरा पलीकडे, लोखंडावर लोखंड, थांबून थांबून, सराईत हाताचा. खोदणारी माणसं थोडी होती आणि खोदायचं यंत्र एकच होतं.

“मॅडम, आधी कुठं?” जवानानं विचारलं.

“अलीकडे,” ती म्हणाली. अलीकडचा जवळ होता, बाकी कारण नव्हतं.

रेश्मा बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना नखं उरली नव्हती. तिला काढेपर्यंत लोखंडाचा आवाज थांबला होता. हर्षदा कानाला यंत्र लावून अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिली, पण सूरजचं ते लोखंड पुन्हा वाजलं नाही. मुलगी शाळेत होती म्हणून वाचली.

माणसं वाचवणारी बाई म्हणून वर्तमानपत्रांनी हर्षदाचा फोटो छापला. आण्णांनी तो फोटो बघितला, बातमी वाचली, आणि पीठ घालू नका म्हणताना मुलीनं सांगितलेलं कारण त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी बस्तीत जाणं सोडलं आणि अन्नही सोडलं. धर्मात त्याला मोठं नाव आहे, पण आण्णा कुठलंही नाव न घेता नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हर्षदा रोज ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची.

आठवड्यानं ती दवाखान्यात रेश्माला भेटायला गेली. दोन्ही हातांना पट्ट्या, शेजारी स्टुलावर मुलगी चित्र काढत बसलेली. हर्षदाला बघून रेश्मा धडपडत उठायला लागली.

“ताई, सगळ्यांनी सांगितलं मला. तुम्ही कान लावून बसला होता म्हणून मी हाय. माझ्या पोरीला आई राहिली ती तुमच्यामुळं.” पट्ट्या बांधलेले हात तिनं जोडायचा प्रयत्न केला.

“हात जोडू नका,” हर्षदा म्हणाली. तिनं ते हात हलकेच खाली केले. “रेश्मा, ते घर जाणार हे मला माहीत होतं. तुम्ही विचारायला आलात तेव्हाच माहीत होतं. मुंग्यांचं, मातीचं, सगळं. माहीत असून मी बोलले नाही.”

रागाची, किंकाळीची वाट बघत हर्षदा उभी होती. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा कान देऊन गप्प झाली होती.

“सन्मतीदादांना माहीत होतं?”

“होतं.”

“तुम्हीच सांगितलं असेल.”

“हो.”

रेश्मानं मान हलवली. तिनं मुलीच्या कागदावरचं चित्र बघितलं.

“बरोबर आहे,” ती शेवटी म्हणाली. “आपल्या माणसाला सांगतोच की आपण.”

मग तिनं पोरीला जवळ बोलावलं आणि हर्षदाकडे पाठ करून ती कुशीवर वळली.